जीर्णोद्धार : यंत्राचा आणि देवालयाचा

काचीगुडा स्थानकाकडून नारायणगुड्याकडे जाऊ लागले की बरकतपुरा ही वसाहत लागते. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्या काळापासून या परिसरात मराठी कुटुंबे राहत आली आहेत; सुलतान बाजार, इसामिया बाजार, काचीगुडा ही नावे आमच्या पिढीला पुणे-मुंबईच्या पेठांइतकी परिचयाची. पण बरकतपुरा हे नाव कोणाचे, असे विचारले तर तेथल्या रहिवाशालाही क्षणभर थांबावे लागते. जुने लोक सांगतात की, सातव्या निजामाचे नातू मीर बरकत अली खान यांच्यावरून ते पडले. हेच पुढे मुकर्रम जाह या नावाने ओळखले गेले. उस्मान अली खान यांनी मुलाला वगळून या नातवाला वारस नेमले आणि आजोबांच्या मृत्यूनंतर, ६ एप्रिल १९६७ रोजी, चौमहल्ला राजवाड्यात त्यांना आठवे निजाम म्हणून गादीवर बसवण्यात आले. जानेवारी २०२३ मध्ये इस्तंबूल येथे त्यांचे निधन झाले आणि देह हैदराबादेस आणून मक्का मशिदीत पूर्वजांच्या शेजारी दफन करण्यात आला.

एका देवस्थानाशी निगडित वाचकांच्या मासिकात निजामाच्या नातवाची आठवण कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण राजकीय नाही. या गृहस्थांना आयुष्यात ज्या एका गोष्टीची खरी गोडी होती, ती गोष्ट म्हणजे यंत्रांची दुरुस्ती. डून स्कूल, हॅरो, केंब्रिज, सँडहर्स्ट अशा नामांकित ठिकाणी त्यांचे शिक्षण झाले. परंतु मोटारीखाली उताणे पडून, हात तेलाने माखून घेऊन, बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू करण्यात त्यांना जो आनंद मिळे, तो दरबारात कधी मिळाला नाही, असे त्यांच्याविषयी लिहिणारे सारे एकमुखाने सांगतात. आजोबांच्या गाडीखान्यात जुन्या मोटारींची रांग होती आणि त्यांतील बहुतेक चालत नव्हत्या. जॉन झुब्रझिकी यांनी २००६ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, त्यात हा गाडीखाना आणि त्यावर होणारा पेट्रोलचा अफाट खर्च, दोन्हींचे वर्णन आहे. न चालणाऱ्या गाड्या पेट्रोल पितात, हा चमत्कार केवळ संस्थानांतच घडतो असे मात्र वाचकांनी समजू नये. मी काही संस्थांच्या हिशेबतपासणीस बसलो आहे.

वारसा म्हणून मुकर्रम जाह यांच्या पदरी राजवाडे आले, चौदा हजारांहून अधिक नोकरचाकर व आश्रित आले, नातलगांचे दावे आले आणि करांची देणी आली. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. १९७० च्या दशकात ते पश्चिम ऑस्ट्रेलियातील मर्चिसन हाउस नावाच्या विस्तीर्ण मेंढीपालनक्षेत्रावर राहावयास गेले आणि तेथे बुलडोझर चालविण्यात व दुरुस्त करण्यात रमले. इकडे हैदराबादेत राजवाड्यांची छपरे गळू लागली, कुलपे गंजली, वस्तू नाहीशा होऊ लागल्या. ज्याच्या हातांत मोडके जोडण्याची कला होती, त्याचीच सर्वांत मोठी ठेव मोडत राहिली. फार दिवसांपर्यंत मी या माणसाचा मनातल्या मनात कठोर न्याय करीत असे. आता करीत नाही. का करीत नाही, हे सांगण्याआधी थोडे दूरचे वळण घ्यावे लागेल.

जुनी मोटार पुन्हा उभी करणे म्हणजे नेमके काय, हे बाहेरच्या माणसाला कळणे कठीण आहे. लोकांना वाटते, गंज खरवडावा, पत्रा ठोकून सरळ करावा, पोटीन भरावे आणि रंग मारावा. एक उदाहरण देतो. १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडात एम. जी. कंपनीची टी. सी. ही दोन आसनांची छोटी शर्यती थाटाची गाडी निघाली. सुमारे दहा हजार गाड्या झाल्या. वरून पाहणाऱ्याला ती सारी लोखंडाची वाटते. पण तिच्या पत्र्याच्या आत अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा आहे. पाणी मुरले की आधी हा सांगाडा कुजतो, आणि मग दार लागेनासे होते. बिजागरीला दोष देणारा मेस्त्री बिजागरी बदलीत बसतो. जाणता मेस्त्री सुतार शोधतो. तिच्या १२५० सी. सी. इंजिनाची गोष्ट याहून गमतीची आहे. त्याच्या बोल्टांना ब्रिटिश पाना बरोबर बसतो, म्हणून आटेही ब्रिटिश मापाचे असतील असे कोणीही समजेल. पण ते फ्रेंच मेट्रिक मापाचे आहेत. मॉरिस कंपनीने १९२३ साली कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच मंडळींचा इंजिन-कारखाना विकत घेतला, तेथली यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी होती. ती बदलण्याऐवजी बोल्टाचे डोके तेवढे व्हिटवर्थ मापाचे केले, म्हणजे इंग्रज कामगाराला आपलाच पाना चालावा. ही तडजोड पुढे कितीतरी वर्षे टिकली. ज्याला हे ठाऊक नाही, तो हाताशी असलेला बोल्ट जोराने पिळतो आणि पन्नास-साठ वर्षे शाबूत राहिलेले आटे एका मिनिटात खाऊन टाकतो.

म्हणजे जीर्णोद्धार करणाऱ्याला प्रथम ऐकावे लागते. समोरची वस्तू ज्याने घडविली, त्याच्या खोडी, त्याची काटकसर, त्याच्या अडचणी, हे सारे त्या वस्तूत लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय हत्यार उचलणे हा उद्धटपणा होय.

पण वाचून झाल्यावरही प्रश्न उरतो. कुजलेले लाकूड काढले, नवे बसविले. पिस्टन नवे, बेअरिंगे नवी, पत्रा अर्धा नवा. आता ही गाडी तीच का?

हा प्रश्न न्यायालयातही गेला आहे. बेंटली कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ नावाची शर्यतीची गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकून आली. पुढे ब्रुकलंड्सच्या शर्यतींसाठी तिच्यात फेरफार झाले. हे काम वॉल्टर हॅसन या तरुण यांत्रिकाच्या हातून झाले, जो नंतर जॅग्वारच्या इंजिनांसाठी नावाजला गेला. १९३२ साली तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसविले होते. त्याच वर्षीच्या शर्यतीत क्लाइव्ह डनफी हा चालक तिच्यासह धावपट्टीच्या उंच कडेवरून पलीकडे गेला आणि प्राणास मुकला. मोडलेली गाडी पुन्हा बांधली गेली, या खेपेस बंदिस्त टपाच्या रूपात. आणि पुष्कळ वर्षांनी दुसऱ्या मालकाने तिला पुन्हा शर्यतीच्या रूपात आणले. १९९० साली ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला आणि विकत घेणाऱ्यांनी ऐनवेळी हात आखडला. त्यांचे म्हणणे असे की, ही ती गाडीच नव्हे. तपासात दिसून आले की, १९२९ च्या गाडीचे जवळजवळ काहीच उरलेले नव्हते, आणि १९३० च्या गाडीतलेही गिअरबॉक्सचे आवरण, स्टिअरिंगचा दांडा असे मोजकेच भाग होते. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी निर्णय दिला की ही गाडी ‘ओल्ड नंबर वन’च आहे. भाग बदलत गेले. पण ते हळूहळू, एका अखंड इतिहासाच्या ओघात बदलले, आणि प्रत्येक नवा भाग त्या एकाच गाडीत मिसळून गेला. तिचा धागा मध्ये कोठे तुटला नाही.

आपल्या परंपरेला हा युक्तिवाद अनोळखी नाही. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो की, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि शेवटी त्याच्या ध्यानी येते की, या सर्वांच्या आश्रयाने ‘रथ’ हा व्यवहार चालतो, एवढेच. जगन्नाथपुरीस नवकलेवराच्या वेळी देवांच्या दारुमूर्ती बदलतात; १९९६ साली बदलल्या, २०१५ साली बदलल्या. कोणी भाविक म्हणत नाही की हे १९९६ चे जगन्नाथ नव्हेत. आणि गोमंतकाशी नाते असलेल्या आपल्यासारख्यांना तर दूर जाण्याचे कारणच नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. नदी ओलांडताना पूर्वजांनी गर्भगृह पाठीवर घेतले नव्हते, सभामंडप नेला नव्हता. कवळ्याचे आजचे देऊळ अठराव्या शतकात उभे राहिले. तरी आपण आपल्या कुलदेवतेला केळशीकरीण म्हणूनच हाक मारतो, आणि त्या हाकेत काही खोटे आहे असे आपल्याला कधी वाटत नाही.

तेव्हा न्यायमूर्तींचे उत्तर मला पटते. द्रव्य बदलले तरी ओघ अखंड असेल तर वस्तू तीच. आणि नेमके येथेच मी एकदा फसलो.

अंत्रुज महालातील एका लहान देवळाचा मी महाजन आहे. नाव सांगत नाही. सांगितल्याने कोणाचे भले होणार नाही. काही वर्षांपूर्वी त्याच्या जीर्णोद्धाराचा ठराव महाजनांच्या सभेपुढे आला. हैदराबादेहून मी मुद्दाम गेलो होतो. सभामंडपाचे लाकडी खांब वाळवीने पोखरले होते, कौलांतून पाणी गळत होते, जमिनीचा गिलावा उखडला होता. दुरुस्ती हवी होती, यात वाद नव्हता. एका वृद्ध महाजनांनी मात्र हात जोडून विचारले की, सगळे खांब काढायलाच हवेत का? आठांपैकी तीन-चार तरी धड दिसतात. नक्षी करणारा मेस्त आता मिळणार नाही. त्यावर मी उठलो आणि वाचलेल्या पुस्तकांच्या बळावर भाषण केले. देव म्हणजे खांब नव्हे, आपले पूर्वज नुसती मूर्ती घेऊन नदी ओलांडून आले, अखंड पूजा हेच देवळाचे खरे सातत्य, असे सारे मी बोललो. सभेने माना डोलावल्या. काँक्रीटचे खांब आले, भिंतींना चकचकीत फरशा लागल्या, लाकूड एका व्यापाऱ्याला वजनावर विकले गेले. मूर्तीची शक्ती विधिपूर्वक कलशात घेतली होती, ती विधिपूर्वक परत प्रतिष्ठित झाली. शास्त्रात कोठे उणीव राहिली नाही.

पुनःप्रतिष्ठेच्या दिवशी ते वृद्ध गृहस्थ नव्या खांबाला पाठ टेकून बसले होते. ते काहीही बोलले नाहीत.

माझ्या भाषणात चूक कोठे होती, हे कळायला मला बराच काळ लागला. त्यातले एकही विधान खोटे नव्हते. देऊळ तेच आहे, देव तोच आहे, आजही मी तेथे नमस्कार करतो तो त्याच भावाने. चूक अशी की, ‘वस्तू तीच राहते का’ या प्रश्नाचे उत्तर मी ‘आपण काहीही करण्यास मोकळे आहोत का’ या निराळ्याच प्रश्नाला देऊन टाकले. माणसाचा हात तुटला तरी माणूस तोच राहतो. म्हणून हात तोडणे निर्दोष ठरत नाही. पूर्वजांनी गर्भगृह मागे टाकले ते जीव मुठीत घेऊन. आम्ही खांब टाकले ते फरशीवाल्याने सवलत देऊ केली म्हणून. दोन्हीकडे ओघ अखंड राहिला, पण दोन्ही कृत्ये एकाच मापाने मोजता येत नाहीत.

मोटारींचे जाणकार या बाबतीत आमच्या सभेपेक्षा अधिक सावध निघाले, हे कबूल केले पाहिजे. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे एक सनद झाली होती. जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, हे तिचे एक प्रमुख सूत्र. तिच्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली तुरीन येथे वाहनांसाठी सनद स्वीकारली. जे आहे ते आधी जपावे, मग लागेल तेवढेच दुरुस्त करावे, केलेल्याची नोंद ठेवावी, असा तिचा रोख आहे. आपल्या केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी निराळी नोंदणी सुरू केली. तिच्यातही अट अशी की, चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. सरकारी नियमाने सहसा तत्त्वज्ञान शिकवू नये, पण येथे त्याने तो प्रश्न विचारला आहे खरा.

याची दुसरी टोकाची बाजूही मला मान्य नाही. १९२५ सालची एक बुगाटी गाडी इटली आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील माज्योरे सरोवरात अनेक दशके पडून होती. २००९ साली ती वर काढली, पुढच्या वर्षी पॅरिसच्या लिलावात विकली गेली, आणि घेणाऱ्या संग्राहकाने ती तशीच, गंजाने खाल्लेली, प्रदर्शनात मांडली. त्या एका गाडीपुरते ते योग्य असेल; पाण्यातला काळ हाच तिचा इतिहास झाला होता. पण सर्वच जुन्या वस्तूंना हा न्याय लावला तर जग म्हणजे एक मोठे शवागार होईल. गाडी चालण्यासाठी आहे, देऊळ भजनासाठी आहे. छप्पर गळत असताना ‘प्राचीनता’ म्हणून भाविकांना भिजत ठेवणारा माणूस मला फरशीवाल्याइतकाच नकोसा वाटतो. शिवाय ब्रेक निकामी असलेली गाडी केवळ मूळ स्वरूपाच्या आग्रहाखातर रस्त्यावर आणणे हा तर सरळ अपराध आहे. तेथे बदल हवाच. फक्त तो बदल आहे हे लपवू नये.

लपवणे हाच खरा कळीचा मुद्दा आहे. जुना क्रमांक नव्या चेसिसवर ठोकून ती गाडी जुनी म्हणून विकणारे लोक जगभर आहेत. त्यांच्या आणि प्रामाणिक मेस्त्रीच्या हातांत कौशल्य सारखेच असते. पुष्कळदा ठकाचे अधिकच असते. भेद एवढाच की एक जण वस्तूविषयी खरे सांगतो. आम्ही देवळाच्या दारी संगमरवरी शिळा बसविली, तिच्यावर देणगीदारांची नावे आणि ‘जीर्णोद्धार’ हा शब्द कोरला. काय काढले, किती काढले, कोणी घडविले होते, याची एक ओळही तेथे नाही. अज्ञात मेस्ताचे नाव आम्हांला ठाऊक नव्हते, हे खरे. पण त्याचे काम ठाऊक होते, आणि तेही आम्ही पुसून टाकले. आपण देवऋण, ऋषिऋण, पितृऋण म्हणतो. ज्या कारागिराच्या छायेत चार पिढ्या भजनाला बसल्या, त्याचे ऋण यांतल्या कोणत्या सदरात मांडावे, हे मला अजून ठरविता आलेले नाही; मांडायला हवे, इतके मात्र कळते. जीर्ण मूर्तीचेसुद्धा शास्त्र विसर्जन सांगते, ती वजनावर विकावी असे सांगत नाही.

या अनुभवानंतर मी मुकर्रम जाह यांच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. इंजिनाचे एक सौख्य असते. त्याचा दोष शोधता येतो, भाग सुटा करता येतो, आणि ते पुन्हा गुरगुरू लागले की आपण बरोबर होतो हे त्याच क्षणी कळते. राजवाडा, घराणे, देवस्थान यांचे असे नसते. तेथे प्रत्येक खिळ्यामागे एक दावेदार उभा असतो. गीतेने स्वधर्म गुणहीन असला तरी श्रेयस्कर म्हटला. पण जन्माने आलेला भार आणि हाताला आलेली विद्या यांत ज्याचा मेळ बसत नाही, त्याचा स्वधर्म कोणता, याचे उत्तर मी तरी छातीठोकपणे देणार नाही. ते गेले, हे त्यांचे चुकले असे मला अजूनही वाटते. चौदा हजार माणसे म्हणजे काही मोडकी मोटार नव्हे. पण मी तर सभेत हजर होतो, बोलत होतो, कर्तव्यनिष्ठ म्हणून वाखाणला जात होतो, आणि माझ्या हातून जे मोडले ते त्यांच्या अनुपस्थितीत मोडले त्याहून वेगळे नाही.

चौमहल्ल्याचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. मुकर्रम जाह यांच्या पहिल्या पत्नी राजकुमारी एस्रा यांनी २००० सालाच्या सुमारास त्याचे जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले. वास्तुविशारद राहुल मेहरोत्रा यांच्या देखरेखीखाली ते वर्षानुवर्षे चालले, आणि २०१० साली युनेस्कोने त्याचा गौरव केला. तेथे आता सहाव्या निजामांची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट ठेवली आहे. बार्कर कंपनीने बांधलेल्या टपातील मागची बैठक सिंहासनासारखी उंच आहे. मागणी नोंदविणारे मेहबूब अली खान १९११ साली वारले, त्यांना तिच्यात बसण्याचा योग आला नाही, आणि पुढेही ती फार थोडे मैल चालली. हैदराबादेस येणाऱ्या वाचकांनी ती अवश्य पाहावी.

गेल्या वर्षी जत्रेला गेलो, तेव्हा अग्रशाळेच्या मागच्या अंगणात मला एक लाकडी खांब दिसला. व्यापाऱ्याच्या गाडीत जागा उरली नाही म्हणून तो राहून गेला होता. त्यावर घडवंची टेकवून नैवेद्याची भांडी वाळत घातली होती. वरची कमळाची नक्षी शाबूत आहे; खालचा हातभर भाग वाळवीने गेला आहे. मी समितीला पत्र लिहिले. उत्तर आले की, खांब मंडपात उभा करण्यास हरकत नाही, पण खालचा भाग नव्याने करून वर सगळ्याला एकच पॉलिश द्यावे, म्हणजे सांधा दिसणार नाही. मी उलट लिहिले आहे की सांधा दिसू द्यावा, आणि शिळेवर दोन ओळी वाढवाव्यात. काहींना हा दुराग्रह वाटतो. त्या वृद्ध महाजनांना विचारावे असे फार मनात होते, पण ते आता नाहीत. त्यांच्या मुलाने कळविले आहे की तो सभेला येईल. विषय पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर सहाव्या क्रमांकाला आहे, पार्किंगच्या फरसबंदीनंतर.